आपलं मूल सुखरूप पोहोचलं आहे

मानवजातीनं आजवर जी जी कामं टाळली, ती आधी एकदा नीट लिहून ठेवून मग टाळली. सॉफ्टवेअरच्या धंद्यात या लिहून ठेवण्याला फंक्शन म्हणतात. एखादं काम कसं करायचं ते एकदाच सविस्तर लिहायचं, त्याला नाव द्यायचं, आणि पुढं जन्मभर नुसत्या नावानं हाक मारायची. नाव घेतलं की काम होतं. आत काय चालतं ते हाक मारणाऱ्यानं बघायचं नसतं. बघण्याचा स्वभाव असता तर त्यानं फंक्शन कशाला वापरलं असतं.

ज्यांचा संगणकाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी खोडदच्या एका घरातलं उदाहरण देता येईल. त्या घरात 'चहा टाका' नावाचं फंक्शन होतं. त्याची व्याख्या साळुबाईंमध्ये केलेली होती. त्यांचे यजमान ओट्यावर बसून हाक मारत आणि थोड्या वेळानं कप येई. छत्तीस वर्षांत आत चूल आहे, स्टोव्ह आहे की गॅस, हे बघायला ते एकदाही उठले नाहीत. पुढं मुलगा आदेश याचं लग्न झालं आणि ती व्याख्या साळुबाईंमधून सून स्नेहल हिच्यात हलवण्यात आली. हाक मारणाऱ्यांना एक अक्षरही बदलावं लागलं नाही. याला धंद्यात उत्तम रचना म्हणतात. (स्नेहल हे सगळं कॉलेजात चौथ्या सेमिस्टरला शिकली होती. तिथं उदाहरण वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं होतं.)

स्नेहल जुन्नरला बाजारपेठेत, एका बी-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर असलेल्या 'भगवंतकृपा सॉफ्टवेअर सेवा' या कंपनीत काम करत असे. कंपनीत सात माणसं होती आणि कांद्याच्या दिवसांत पाच. मालक भरतसर. भगवंत हे त्यांच्या वडिलांचं नाव, आणि कृपाही वडिलांचीच. फंक्शन लिहिण्याबाबत कंपनीचे स्वतःचे नियम होते आणि ते पाण्याच्या जारवर चिकटवलेले होते:

१. फंक्शनला नाव असावं. नावावरून काम कळलंच पाहिजे असं नाही, कुणी सांगितलं ते कळावं. (त्यानुसार 'भरतसर_म्हणाले', 'भरतसर_म्हणाले_नवीन' आणि 'भरतसर_म्हणाले_हेच_घ्या' अशी तीन फंक्शन्स वापरात होती. तिन्ही तारीख छापत.)

२. नवीन लिहिण्याआधी जुनं चालतंय का बघावं. चालत नसलं तरी बघावं.

३. एकदा लिहिलेलं काढू नये. लिहिणारा पुण्याला निघून गेला असेल तर नाहीच नाही.

४. दुसऱ्याचं फंक्शन उघडू नये.

चौथा नियम स्नेहलला पटत असे. कुणाच्या घरात शिरून डबे उघडू नयेत असेच तिच्यावर संस्कार होते.

तशी ती काळजी करणारी बाई होती आणि हे काम ती नीट करत असे. घरातून निघताना गॅस तीनदा बघायची, कडी दोनदा. तिची मुलगी संस्कृती पाच वर्षांची. महामार्गाच्या अलीकडं एक इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, तिथं ती गोकुळच्या व्हॅननं जायची. व्हॅन आठ वाजता निघे. खोडदच्या शिवारात रेडिओ दुर्बिणीच्या ज्या अवाढव्य तबकड्या उभ्या आहेत, त्यांना म्हणे आकाशातलं फार दूरचं ऐकू येतं. त्याच शिवारात मोबाइलची रेंज मात्र येते आणि जाते, जास्त करून जातेच. त्यामुळं कोट्यवधी मैलांवर काय चाललंय ते तिथं कळतं, आणि ओढ्यापलीकडची व्हॅन कुठं आहे ते कळत नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून शाळेनं ॲप घेतलं होतं. ते भगवंतकृपानंच बनवलेलं होतं, स्नेहल तिथं लागायच्या आधी. रोज आठ चाळीसला पालकांच्या फोनवर मेसेज येई: 'आपलं मूल सुखरूप पोहोचलं आहे.' आठ ते आठ चाळीस या वेळात स्नेहल सरासरी एकतीस वेळा फोन बघायची. मेसेज आला की तिचे खांदे खाली यायचे आणि मग ती ऑफिसातला पहिला चहा घ्यायची. हे वर्षभर सुरळीत चाललं होतं. मेसेज एकदाही चुकला नव्हता, एकदाही उशिरा आला नव्हता. पावसात नाही, पोळ्याला नाही. एवढी नियमित गोष्ट आपल्या भागात कशी काय, असा प्रश्न तिच्यासारख्या बाईला पडायला हवा होता. पण काळजी करणाऱ्या माणसाला एक जागा अशी लागतेच, जिथं तो काळजी करत नाही.

एका गुरुवारी संस्कृतीला कणकण होती आणि साळुबाई माहेरी लग्नाला गेल्या होत्या. स्नेहल तिला घेऊन ऑफिसात आली. संस्कृती शेजारच्या खुर्चीवर बसून स्टेपलर उघडझाप करत होती. आठ चाळीसला मेसेज आला.

आपलं मूल सुखरूप पोहोचलं आहे.

स्नेहलनं मेसेज वाचला. मग मुलीकडं बघितलं. ती शिकलेली असल्यामुळं क्षणभर तिला फोनचंच खरं वाटलं.

त्या दिवशी तिनं नियम चार मोडला आणि 'पोहोचलं_का' नावाचं फंक्शन उघडलं. आत तीन शक्यतांचा विचार केलेला होता. गाडी शाळेत दिसत असेल तर 'सुखरूप पोहोचलं' म्हणावं. गाडीचा पत्ता लागत नसेल तर 'सुखरूप पोहोचलं' म्हणावं. याव्यतिरिक्त काहीही असेल तर 'सुखरूप पोहोचलं' म्हणावं. तिन्ही बाजूंनी विचार झाला होता हे मान्य करायला हवं. वर एक टीप होती: 'तात्पुरतं. सोमवारी बदलू. – सुदर्शन.' तारीख चार वर्षांपूर्वीची होती. सुदर्शन त्याच आठवड्यात पुण्याला गेला होता.

स्नेहलनं संस्कृतीला कडेवर घेतलं, पुरावा म्हणून, आणि ती भरतसरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, पोहोचलं_का आतून बघितलंय तुम्ही?"

"चालू हाय ना?"

"चालू आहे."

"मग बघायचं कशाला?"

"सर, ही इथं आहे. मेसेज आलाय, शाळेत पोहोचली म्हणून."

भरतसरांनी संस्कृतीकडं बघितलं. मग ड्रॉवरमधून बिस्किटाचा पुडा काढून दिला.

"उद्या जाणार ना गं शाळंत?"

"हो," संस्कृती म्हणाली.

"बघ. एका दिसाचा फरक हाय. एवढं ॲपमधी धरून चालायचं असतं."

स्नेहल हलली नाही. तेव्हा भरतसरांनी तिला बसायला सांगितलं आणि या फंक्शनचा इतिहास सांगितला. सुदर्शननं ते आधी खरं लिहिलं होतं. पत्ता लागला नाही की 'माहिती उपलब्ध नाही' असा मेसेज जायचा. पहिल्याच दिवशी दोनशे बारा फोन आले. एक आजोबा ट्रॅक्टर घेऊन थेट ऑफिसखाली आले.

"मला सांग, रस्त्यात कोण भेटलं, काय राव, बरं हाय का म्हणलं, तर आपण काय म्हणतो?"

"बरं आहे."

"बघून म्हणतो का? गुडघा दुखत असतो, मोटर जळल्याली असती, सोयरीक मोडल्याली असती. तरी आपलं आधी बरं हाय, आन मग बाकीचं. समोरचाबी तेवढ्यावर पुढं जातो. तेच सुदर्शननं लिवलं. त्यानं पदरचं काय घातलं नाय त्यात."

स्नेहलनं संस्कृतीला मांडीवरून खाली उतरवलं. तिनं विचारलं, "हे आणखी कुठं कुठं वापरलंय?"

त्रेचाळीस ठिकाणी, असं शोधल्यावर निघालं. नियम दोनचं पालन कंपनीत कसोशीनं होत असे. एका डेअरीच्या टँकरला तेच लावलेलं होतं. आंबेगाव तालुक्यात शिनोलीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वस्ती आहे, तिथल्या नळयोजनेलाही तेच होतं, त्यामुळं 'आपलं पाणी सुखरूप पोहोचलं आहे' असा मेसेज तिथं रोज सकाळी साडेसहाला येई. (वस्तीवरच्या गोजरबाईंनी एकदा मोबाइल नळाखाली धरून पाहिला होता.) एका हौशी मित्रमंडळानं गावात बिबट्या आला तर कळावं म्हणून सेवा सुरू केली होती. तिथं 'बिबट्या सुखरूप पोहोचला आहे' असा मेसेज जाई. कुठं पोहोचला ते मेसेजमध्ये नसे.

"म्हंजे त्रेचाळीस गिऱ्हाइकं सुखी हायेत," भरतसर म्हणाले. "आन एका बाईला ताप आलाय."

"ताप हिला आलाय, सर."

"तेच म्हणतोय मी."

सोमवारी संस्कृती बरी झाली आणि शाळेत गेली. स्नेहल मात्र ऑफिसला न जाता स्कूटी घेऊन आधीच शाळेसमोर जाऊन उभी राहिली, एका पेरूवाल्याच्या आडोशाला. तिला फंक्शनचा निकाल फाटकाशी ताडून बघायचा होता. आठ चाळीसला मेसेज आला. फाटक रिकामं होतं. पालकांच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची आणि फुलांची चित्रं पडू लागली. आठ पन्नासला फाटक रिकामंच होतं आणि ग्रुपवर कुणीतरी सुविचार टाकला.

स्नेहलनं स्कूटी वळवली. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस आहे आणि मागच्याच आठवड्यात त्या उसात बिबट्या दिसला होता. सुखरूप पोहोचलेला. सात किलोमीटर ती तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, ते प्रार्थनेसारखं वाटलं तरी प्रत्यक्षात 'सोमवारी बदलू, सोमवारी बदलू' असं होतं.

व्हॅन उसाच्या कडेला उभी होती. मागचं चाक बसलेलं होतं. गोकुळनं स्टेपनी मेव्हण्याच्या गाडीला दिलेली होती, त्यामुळं तो मेव्हण्याची वाट बघत होता. फोनला रेंज नव्हती, तेव्हा मेव्हण्याला हे कळवलेलं नव्हतं. चौदा मुलं काचा लावून आत बसली होती. स्नेहलनं दार सरकवलं तेव्हा कडी हातातून दोनदा निसटली.

संस्कृतीनं तिच्याकडं नाराजीनं बघितलं.

"आई, तू कशाला आलीस? तुला मेसेज नाय आला का?"

"ताई, मेसेज तर येळंवर गेला आसंल की," गोकुळ म्हणाला. त्याच्या स्वरात दुखावलेपण होतं. "त्यात कदी चूक व्हत नाय आपली."

स्नेहलनं त्याच रस्त्यानं चाललेला एक टेम्पो थांबवून मुलांना पोहोचवलं. साडेनऊ वाजता चौदा मुलं खरोखर सुखरूप पोहोचली. त्याचा मेसेज कुणालाच गेला नाही, कारण तो आधीच गेलेला होता.

दुपारी तिनं ऑफिसात कुणाला न विचारता 'पोहोचलं_का' बदललं. गाडी शाळेत दिसली तरच 'पोहोचलं' म्हणावं. नाहीतर 'माहीत नाही' म्हणावं. फार छोटा बदल होता. तो सोमवारीच झाला, एवढा सुदर्शनचा शब्द तिनं राखला.

मंगळवारी आठ चाळीसला, एकही व्हॅन अजून शाळेत आलेली नसल्यामुळं, सहाशे चौदा पालकांना 'आपल्या मुलाबद्दल माहीत नाही' असा मेसेज मिळाला. पुढील घटना क्रमानं देत आहोत. आठ पंचेचाळीसला पालक निघाले. नऊ वाजता शाळेसमोर मोटारसायकली, पिकअप आणि तोच तो ट्रॅक्टर यांची एवढी दाटी झाली की एकही व्हॅन आत येऊ शकेना. व्हॅन शाळेत दिसेना म्हणून ॲप दर पाच मिनिटांनी 'माहीत नाही' असं प्रामाणिकपणे कळवत राहिलं. त्यामुळं उरलेले पालकही निघाले. मुलं गाडीतून आईवडिलांना टाटा करत होती. त्या वेळी तालुक्याच्या इतिहासात प्रथमच प्रत्येक पालकाला आपलं मूल नेमकं कुठं आहे हे डोळ्यांनी दिसत होतं, आणि याबद्दल प्रत्येकजण संतापलेला होता.

तिकडं 'बिबट्याबद्दल माहीत नाही' हे वाचून एका गावानं दिवसभर दारं लावून घेतली. डेअरीनं दूध आलेलं असूनही ते आल्याचं नाकारलं. दिवसभरात तीनशे अकरा तक्रारी आल्या. तीनशे बारावा फोन गोजरबाईंचा होता.

"पान्याबद्दल माहीत नाय, आसं आलंय," त्या म्हणाल्या. "म्हणलं, बरं झालं. म्हंजी त्यालाबी ठावं नाय. मला वाटायचं आमालाच दिसत नाय का काय."

(नोंदवहीत: तक्रार क्र. ३१२. स्वरूप: समाधान. कार्यवाही: संबंधितास समज देण्यात यावी.)

शनिवारी शाळेत पालकसभा झाली. स्नेहलला पुढं उभं केलं होतं. ट्रॅक्टरवाले आजोबा उठले. त्यांचं नाव धर्माजी, दोन नातवंडं त्या शाळेत.

"पोरी, तू आमच्या घरची सून शोभशील, म्हणून शांतपणी इचारतो. आमी कदी इचारलं व्हतं का, का पोरं कुटं हायेत? आमी इचारतो, मेसेज आला का. दोन्ही येगळं हाय."

"आजोबा, सोमवारी मुलं पाऊण तास उसात अडकली होती. आणि तुमच्या सगळ्यांच्या फोनवर पोहोचली म्हणून आलं होतं."

"मग? सोमवारी कुनाला काय तरास झाला?" त्यांनी मागं वळून सभेला विचारलं. कुणालाच झालेला नव्हता. एक आई म्हणाली, "सोमवार लई शांत गेला ओ. मी पापड केलं त्या दिशी." दुसऱ्या एकीनं सोमवारी पहिल्यांदाच निवांत केस धुतल्याचं सांगितलं. आपल्या मुलांच्या दृष्टीनं सोमवार हा वर्षातला सर्वांत चांगला दिवस होता, असं सभेचं मत पडलं आणि ते इतिवृत्तात घेण्यात आलं.

भरतसरांनी मार्ग काढला. मालक होण्यासाठी जी दृष्टी लागते ती त्यांच्याकडं होती. प्रत्येक पालकाला फॉर्म दिला जाईल, त्यात दोन चौकोन असतील: 'खरं कळवा' आणि 'बरं कळवा'. एकावर खूण करावी. फंक्शन तेच राहील, फक्त आत जाताना पालकाची आवड विचारात घेईल.

सहाशे चौदांपैकी सहाशे नऊ पालकांनी 'बरं'वर खूण केली. तिघांनी फॉर्म परत दिला नाही. एकानं दोन्हींवर खूण केली आणि खाली सही केली. एकीनं 'खरं' निवडलं.

तेव्हापासून रोज सकाळी आठ चाळीसपासून गाडी शाळेत दिसेपर्यंत, तालुक्यात एकट्या स्नेहलच्या फोनवर 'माहीत नाही' असं येतं. ती दर पाच मिनिटांनी ते वाचते. फोन बघण्याची सरासरी एकतीसवरून सत्तावन्नवर गेली आहे. पहिला चहा आता साडेनऊला होतो, तोही गार झालेला असतो. आदेश म्हणतो, "तूच एकटी गं अशी. कर ना बरंवर खूण." ती करत नाही. निदान एका माणसाला तरी खरं माहीत असलं पाहिजे, असं तिचं म्हणणं आहे. आणि खरं हे आहे की तिला माहीत नाही.

आठ चाळीसला तिचा फोन वाजतो. खोडदहून साळुबाई असतात. लेकरू डोळ्याआड झालं की त्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि मेसेज वाचायला त्यांना चष्मा सापडत नाही.

"पोचली का गं पोरगी?"

स्नेहल समोरच्या पडद्याकडं बघते. पडद्यावर 'माहीत नाही' असतं.

"हो आई. पोचली."

साळुबाई फोन ठेवतात. ओट्यावर त्यांचे खांदे खाली येतात, ते स्नेहलला जुन्नरहून दिसतं.

हे वाचून कुणाला स्नेहलचा राग आला असेल, तर तो योग्यच आहे. शिकल्यासवरल्या बाईनं असं करावं हे बरं दिसत नाही. तुम्ही तिच्या जागी असता तर वेगळं वागला असता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. एक किरकोळ चाचणी तेवढी राहिली आहे, कारण चाचणीशिवाय कुठलंही फंक्शन वापरात आणू नये असं म्हणतात. आता हे मिटवून ठेवाल तेव्हा कुणीतरी भेटेल किंवा कुणाचा तरी फोन येईल. तो विचारील, "काय, घरी सगळं बरं ना?" उत्तर देण्याआधी तुम्ही उठून घरात सगळ्यांना एकेकदा बघून येता का, एवढंच बघायचं आहे.

घाई नाही. सोमवारी बघितलं तरी चालेल.